हार गळ्यात, करार खिशात

गरीब देशात मदत घेऊन गेलेल्या मंत्र्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. गळ्यात हार, हातात कात्री, मागे उन्हात तासभर ताटकळलेली शाळेची मुलं. मला त्या फोटोची चीड येते. कारण बंद खोलीत कशावर सह्या झाल्या, हे त्या मुलांच्या आईबापांना कोणी सांगत नाही.

मार्च १९८८ मध्ये ब्रिटनचे जॉर्ज यंगर क्वालालंपूरला गेले. हे गृहस्थ संरक्षणमंत्री होते, हे लक्षात ठेवा. तिथे त्यांनी गुपचूप एका कागदावर सही केली: मलेशिया जेवढ्या रकमेची शस्त्रं घेईल, तिच्या २० टक्के विकासमदत ब्रिटन देईल. बोभाटा होईल म्हणून कागद मागे घेतला, पण दिलेला शब्द पाळला. त्यातून मलेशियातल्या पेर्गाव धरणाला २३.४ कोटी पौंड मिळाले. मदत खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी विरोध नोंदवला. तरी १९९१ मध्ये परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी पैसे सोडलेच. १९९४ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ही मदत बेकायदा ठरवली. कोर्टात गेली होती एक स्वयंसेवी संस्था. संसदेतल्या बहुमताने काहीही केलं नव्हतं.

ही लांबची गोष्ट नाही. तेव्हा आपणही घेणारेच होतो. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं ने-आण करायला म्हणून आपल्या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीच्या, ‘पवन हंस’च्या गळ्यात २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरं मारली गेली. ब्रिटनने मदत म्हणून ६.५ कोटी पौंड दिले, आणि ते ब्रिटनच्याच कारखान्यात परत गेले. कारखाना डबघाईला आला होता, तो तगवायचा होता. इथे अपघात झाले, माणसं मेली, १९९१ मध्ये सगळी हेलिकॉप्टरं जमिनीवर बसवली आणि शेवटी जेमतेम नऊ लाख पौंडांना विकून टाकली. ब्रिटनच्या हिशेबात मात्र ती भारताच्या गरिबांना केलेली मदतच राहिली.

२०११ मध्ये त्यांचे मदतमंत्री अँड्र्यू मिचेल यांनी उघडच सांगितलं, की भारताला मदत देण्यामागे टायफून लढाऊ विमानं विकणं हाही हेतू आहे. पुढच्या वर्षी आपण टायफूनऐवजी फ्रान्सचं राफेल निवडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या मदतमंत्री जस्टिन ग्रीनिंग भारतात येऊन गेल्या आणि मदत बंद करायचं जाहीर झालं.

आता देणारे आपण आहोत. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर मालदीवला गेले. २८ बेटांवरच्या पाणी आणि सांडपाण्याच्या योजना सुरू झाल्या. बेटावरच्या बाईच्या नळाला गोडं पाणी आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या योजनांसाठी आपण दिलेला पैसा कर्जाचा आहे, ११ कोटी डॉलरचा. आणि आपल्या अशा कर्जांचा सर्वसाधारण नियम असा, की किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. ज्या अटींनी आपलं रक्त खवळायचं, त्याच आपण दुसऱ्याला घालतोय, आणि त्याला मैत्री म्हणतोय. हे मला अजिबात मान्य नाही.

मंत्री विमानातून उतरले, की आठवड्याच्या आत प्रत्येक सही, व्याजाचा दर, कंत्राटदाराचं नाव संसदेच्या पटलावर आलं पाहिजे. घेणाऱ्या देशाच्या भाषेतही छापलं गेलं पाहिजे. तुमच्या खासदाराला या अधिवेशनात हा प्रश्न विचारायला लावा.