लॅपटॉप म्हातारा होत नाही

‘बारा वर्षं झाली ना? मग सोडा आता त्याला. नवाच घ्या.’ माझा लॅपटॉप उघडूनही न बघता दुकानदाराने निकाल दिला. यंत्र २०१३ सालचं. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून चहा टाकावा, तो उकळावा, गाळून पिऊन व्हावा, तेव्हा कुठे पडद्यावरचा बाण जागचा हलायचा. माझी तक्रार खरी होती; दुकानदाराचं निदान चुकलं होतं.

पूर्वपक्ष असा की यंत्र वयानुसार थकतं. थकतं म्हणजे नेमकं काय होतं? प्रोसेसरमध्ये झिजणारा हलता भाग नाही. २.६ गिगाहर्ट्‌झचा तो आजही तेवढाच आहे. पंख्यात धूळ साचली, वरची थर्मल पेस्ट वाळली, तर तापून वेग कमी करतो खरा. पण ब्रश आणि नवी पेस्ट यांनी ते दुखणं जातं. वाढलं आहे ते वरचं ओझं. त्यावरची विंडोज १० ही त्याच्यानंतर, जुलै २०१५ मध्ये आली. तिची अपडेट, व्हायरसची तपासणी, फाइलींची सूची, अशी पडद्यामागची सगळी कामं एकाच खिडकीशी रांग लावतात, आणि ती खिडकी म्हणजे हार्ड डिस्क.

आता या खिडकीचा हिशेब बघा. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय ते टोक सरकायलाही वेळ लागतो. विखुरलेल्या छोट्या फाइली अशा सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधीशी साटा एसएसडीसुद्धा तेवढ्याच वेळात हजारोंनी वाचते. त्यातून रॅम ४ जीबी. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती भरते, आणि उरलेला भार विंडोज पुन्हा त्याच बिचाऱ्या डिस्कवर ढकलते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे १०० टक्के आणि प्रोसेसरपुढे ८ टक्के दिसत असताना ‘प्रोसेसर जुना झाला’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

दुसरा पक्ष फॉरमॅटवाल्यांचा. कुठलंही दुखणं असो, ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी या.’ नको असलेले प्रोग्रॅम जातात, यंत्र महिनाभर हलकं वाटतं, मग अपडेट येतात आणि चहा पुन्हा गॅसवर चढतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यातला खरा धोका वेगळाच. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून मी असाच फॉरमॅट करून आणला. तेव्हा त्यात क्रॅक केलेली विंडोज निघाली. ती पकडली जाऊ नये म्हणून व्हायरसची तपासणीच बंद करून ठेवलेली. वास्तविक विंडोज ८ पासूनच्या बहुतेक यंत्रांत परवान्याची किल्ली बायॉसमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती ही किल्ली आपली आपण ओळखते. चोरीची गरजच नव्हती.

मी केलं ते असं. आधी तळाचं झाकण काढून रॅमची पट्टी बाहेर घेतली आणि तिच्यावरचं लेबल वाचलं. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या, एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मात्र दिसायला सारख्या, तिथे फसगत होते. ४ जीबीची आणखी एक पट्टी आणि अडीच इंची एसएसडी, एवढीच खरेदी. (स्क्रू मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्यांत क्रमाने ठेवले. मोहरीच्या वाटीवरून घरात झालेला संवाद इथे देत नाही.)

‘पण डेटा जाईल’ ही भीती याच वाटेने सगळ्यात सहज मिटते. जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. ती काढून बाजूला ठेवायची, यूएसबीच्या केसिंगमध्ये घालायची आणि कोरी ऑपरेटिंग सिस्टिम नव्या एसएसडीवर टाकायची. काही चुकलं तर जुनी डिस्क पुन्हा बसवली की कालचं यंत्र जसंच्या तसं परत. क्लोन करून सगळं उचलून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला तो घर बदलताना जुनी रद्दीही ट्रकात भरण्यासारखा वाटतो.

सुरक्षेचा आक्षेप मात्र वजनदार आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी दिलेली जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. अटी चुकवून ती बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत असंच मी म्हणेन. पण म्हणून यंत्र भंगारात? मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकली. तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, फायरफॉक्स तोच, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच.

इथे लिनक्सच्या भक्तांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. ‘सगळं चालतं’ हा त्यांचा दावाही फोल आहे. ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरणारा कंत्राटदार, टॅलीवर बसणारा हिशेबनीस, श्रीलिपीत वर्षानुवर्षं अंक लावणारा डीटीपीवाला यांना विंडोज सोडवत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी फाइल तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर उघडली तर समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. अशांनी नवं यंत्र घ्यावं. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल किंवा प्रोसेसर ३२ बिटचा असेल, तरीही खटाटोप करू नये. लिनक्सच्या डेबियन या अवतारानेही २०२५ च्या आवृत्तीत ३२ बिटच्या पीसीवर नव्याने टाकण्याची सोय काढून टाकली.

ज्याचं काम पत्रं, बिलं, वाचन, व्हिडिओ बघणं एवढंच आहे, त्याला मात्र नवा घेण्याचा सल्ला देणारा दुकानदार स्वतःचाच धंदा बघतो आहे. आणि हल्ली तोच सांगतो की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, त्यामुळे नवे लॅपटॉपही महाग झाले!

माझं यंत्र आता चहाचं आधण ठेवेपर्यंत सुरू होतं. हा लेख त्याच्यावरच लिहिला. बॅटरी तेवढी खरोखर म्हातारी झाली आहे. वीस मिनिटं टिकते, म्हणून चार्जर सदैव लावलेला. मूळ कंपनीची मिळत नाही आणि बाजारातली लावून बघायचं धाडस अजून झालेलं नाही.