दादा, ‘झिंगाट’ लावा ना!

शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. बालेवाडी हाय स्ट्रीटवरचा एक पब. नाव विचारू नका, माझ्या मित्राचे दोन शनिवारचे पैसे तिथून अजून यायचेत.

कन्सोलमागे तो. एका कानावर हेडफोन, दुसरा कान फ्लोअरकडे. एक ट्रॅक संपत आलाय, दुसरा आत घ्यायला जेमतेम वीस सेकंद. नेमका तेव्हाच त्याच्या नाकासमोर एक मोबाइल येतो. स्क्रीनवर भल्यामोठ्या अक्षरांत एकच शब्द – झिंगाट. मोबाइलवाल्याच्या गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड लटकतंय. मित्र मान डोलावतो. या मान डोलावण्याचा अर्थ ‘हो’ही होतो आणि ‘बघू’ही. तासाभरातली ही चौथी रिक्वेस्ट. पाचवी येते ती थेट मॅनेजरकडून, कानात. ‘सर, सात नंबरचं टेबल उठतंय.’

सात नंबरचं टेबल म्हणजे बारा जणांचा बर्थडे. म्हणजे सॉलिड बिल.

मग ‘झिंगाट’ लागतं. २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हापासून हे गाणं लागलं आणि कोणी खुर्चीत बसून राहिलं असं मी तरी पाहिलेलं नाही. मीसुद्धा उठले, खोटं कशाला बोलू? फक्त नाचता नाचता कन्सोलकडे नजर गेली. आमचा हीरो लायब्ररीवर सराईतपणे बोटं फिरवत होता. एटीएममध्ये पिन टाकताना आपला चेहरा असतो ना, सेम तसा.

दीड वाजता शटर पडलं. पहाटे नळ स्टॉपला पोहे खाताना तो म्हणाला, ‘रेसिडेन्सीची ऑफर आहे. आठवड्यातून चार रात्री. फिक्स पगार.’

‘अरे, सही!’

‘गाण्यांची लिस्ट ते व्हॉट्सॲपवर पाठवणार. इंग्लिश फक्त साडेनऊपर्यंत. सोमवारपर्यंत कळवायचंय.’

आता याची थोडी हिस्टरी. हा मूळचा इचलकरंजीचा. त्या पट्ट्यात डीजे हा माणूस नसतोच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलेली स्पीकरची भिंत म्हणजे डीजे. तिलाच ‘डॉल्बी’ असंही म्हणतात. त्यामुळे ‘मुलगा डीजे आहे’ हे वाक्य त्याच्या आईला आजही पूर्ण करता येत नाही, ती नातेवाइकांना ‘आयटीत आहे’ असंच सांगते. एकेकाळी ते खरंही होतं. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. २०१९ मध्ये नोकरी सोडली आणि हप्त्यावर मिक्सर घेतला. वाजवतो डीप हाउस. म्हणजे साधारण १२२ बीपीएमचं, अंधारात हळूहळू चढत जाणारं, शब्द कमी आणि बेस जास्त असलेलं म्युझिक. महिन्यातून एका मंगळवारी त्याची स्वतःची नाइट असते. गेल्या वेळी बावीस लोक आले होते. त्यातले सहा आम्ही मित्र. आमची एंट्री फ्री.

तर पोह्यांची प्लेट हातात घेऊन मी लेक्चर सुरू केलं. विकला जाऊ नकोस, तुझी एक स्टाइल आहे, लिस्टच लावायची तर आयटी काय वाईट होतं, वगैरे. मास कॉमच्या डिग्रीने मला दुसरं काही दिलं नसेल, पण असं बोलण्याचा कॉन्फिडन्स भरपूर दिलाय.

त्याने शांतपणे लिंबू पिळलं. ‘तू गेल्या महिन्यात कशावर लिहिलंस?’

‘...मॉड्युलर किचनवर.’

‘किती शब्द?’

‘बाराशे.’

पुढे कोणी काही बोललं नाही. पोहे संपले.

पण विषय डोक्यातून जाईना. पहिली गोष्ट म्हणजे, पबमधला डीजे हा मैफलीतला गवई नाही. लोक तिकीट काढून त्याला ऐकायला आलेले नसतात, बसायला, प्यायला, कोणाला तरी भेटायला आलेले असतात. मित्राने मला एकदा यातला फंडा समजावला होता. फ्लोअर भरलेला असला की बार ओस पडतो, कारण नाचणाऱ्याच्या हातात ग्लास नसतो. म्हणून थोडा वेळ नाचवायचं, मग जरा खाली आणायचं, लोक बारकडे वळतात, मग पुन्हा वर. रात्रीला असा उतार-चढाव द्यायचा. म्हणजे गाणी कोणतीही असोत, तो पहिल्या मिनिटापासून दुसऱ्याच्या धंद्यासाठीच वाजवत असतो.

दुसरं, वॉर्म-अप सेट. मोठ्या डीजेच्या आधी जो वाजवतो त्याने पार्टी पेटवायची नसते. व्हॉल्यूम कमी, टेम्पो कमी, गाजलेली गाणी हातात असूनही वाजवायची नाहीत, मुख्य पाहुण्यासाठी राखून ठेवायची. ही किती मोठी तडजोड आहे बघा! पण डीजे मंडळी तिला तडजोड म्हणत नाहीत, कला म्हणतात. चांगला वॉर्म-अप करणाऱ्याची इज्जत असते. मग शिकागोहून आलेल्या तालासाठी मन मारलं तर ती कला, आणि अकाउंट्समधल्या चेतनसाठी अजय-अतुल लावलं की विकला गेला? (चेतन काल्पनिक आहे. सगळ्या ऑफिसांतल्या चेतन मंडळींनी राग मानू नये.) मला तर यात सरळ सरळ वर्गभेद दिसतो. आणि तो माझ्याही डोक्यात होता, हे कबूल करते.

बरं, ज्या हाउसच्या शुद्धतेसाठी मी भांडत होते, त्याचा जन्म कसा झाला? १९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कचा डीजे तिथे वाजवायला आला. १९७९ नंतर अमेरिकेत डिस्कोची लाट ओसरली, नव्या रेकॉर्ड्स यायच्या कमी झाल्या, पण क्लबातल्या लोकांना नाचायचं तर होतंच. मग पठ्ठ्याने जुन्याच, लोकांच्या ओळखीच्या गाण्यांच्या टेप कापून-जोडून त्यातला ड्रमचा तुकडा लांबवायला सुरुवात केली. पुढे खाली ड्रम मशीनचा ठोका आला. ‘हाउस’ हे नावही या वेअरहाउसवरूनच पडलं असं मानतात. म्हणजे पब्लिकला माहीत असलेलं गाणं घेऊन त्याचं काहीतरी वेगळं करणं, ही भेसळ नव्हे, हे मूळच आहे.

अर्थात प्रत्येक वेळी हे इतकं गोड नसतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये मायामीच्या एका क्लबने डीजे शॅडोला चालू सेटमधून उतरवलं होतं. कारण काय, तर त्याचं म्युझिक पब्लिकच्या डोक्यावरून जातंय. अरे, शॅडोला! सॅम्पल जोडून केलेल्या अल्बम्सचा विषय निघाला की ज्याचा १९९६ चा ‘एंट्रोड्युसिंग’ आजही पहिला आठवतो, त्या माणसाला! त्याला उतरवू शकतात तर बालेवाडीत आमच्या इचलकरंजीकराची काय कथा. आपल्याकडे तर २०१५ ला बादशाहचं ‘डीजेवाले बाबू’ आलं आणि गाण्याची फर्माईश हा घटनेने दिलेला हक्क होऊन बसला. आता बुकिंग करताना आधी इन्स्टाचे फॉलोअर्स विचारतात, मग म्युझिक. कधी कधी म्युझिक विचारायचं राहूनच जातं.

रविवारी त्याचा एक संगीतचा गिग होता, मुंढव्याच्या एका लॉनवर. सोमवारची डेडलाइन डोक्यावर, म्हणून मी पण सोबत गेले. (जेवणासाठी गेले असा तुमचा समज झाला असेल तर तोही बरोबर आहे.)

लॉनवरच्या लग्नाचं गणित वेगळंच. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम. वर्षातले मोजके सणाचे दिवस सोडले तर सूट नाही. त्यात बहिणी, वहिन्या, कॉलेजचा ग्रुप असे सगळ्यांचे बसवलेले डान्स लांबत लांबत गेले आणि डीजेच्या हातात माइक आला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. उरली पंचेचाळीस मिनिटं. समोर सहा वर्षांची चिमुरडी आणि सत्तरीतले आजोबा एकाच फ्लोअरवर.

त्याने सुरुवात केली आर. डी. बर्मनच्या एका जुन्या गाण्याने. आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळात स्टुडिओत वादक एकत्र बसून प्रत्यक्ष वाजवायचे. गाणं रंगात आलं की लय किंचित चढते, कडव्याला किंचित बसते. ऐकताना मजा येते, पण त्याखाली मशीनचा ठोका ठेवायला गेलात की दहा सेकंदांत दोघं भांडायला लागतात. मित्राने दोन रात्री जागून ते गाणं जवळजवळ मात्रेमात्रेने सरळ केलं होतं. मग खाली स्वतःचा ठोका, स्वतःची बेसलाइन. आवाज त्याच काळातला, पण पाय मात्र आजचे हलत होते. काकालोक उठले. मागोमाग काकू. आणि मध्येच, एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत, त्याने चक्क चार मिनिटं स्वतःचं डीप हाउस वाजवलं. १२२ बीपीएम, एक शब्द नाही. मी घड्याळात पाहत होते. फ्लोअरवरून कोणी हललं नाही. एक काकू तर डोळे मिटून नाचत होत्या.

मंगळवारी बावीस जणांसमोर वाजतं ते हेच.

नऊ अठ्ठावन्नला लॉनच्या माणसाने मेन स्विचकडे चालायला सुरुवात केली. नवरीचे मामा घामाघूम होऊन आले, मित्राचा हात दाबत म्हणाले, ‘डीजेवाले दादा, मधे ते नुसतं धडधड वाजत होतं ना, ते लई भारी होतं. पण ‘कोंबडी पळाली’ राहिलं की हो!’

‘जत्रा’ २००६ चा. लग्नातून ती कोंबडी अजून काही पळालेली नाही.

या एका संध्याकाळी त्याला जे मिळालं ते मंगळवारच्या नाइटमधून दोन महिन्यांत मिळत नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला. लग्नात जे चालतं ते पबमध्ये का नाही चालणार? सामान गाडीत टाकताना मी म्हटलं, ‘घेऊन टाक रेसिडेन्सी. तिथेही असंच कर.’

तो म्हणाला, ‘इथे घर त्यांचं, कार्य त्यांचं. त्यांच्या कार्यात त्यांचं गाणं वाजवायला मला काहीच वाटत नाही. पण तिथे दारावरच्या पोस्टरवर माझं नाव असणार आणि गाणी मॅनेजरच्या फोनमधली. मग मी तिथे नक्की काय करणार? प्ले दाबणार?’

मग त्याने त्याच्या एका सीनियरबद्दल सांगितलं. एकेकाळी याच माणसाचे सेट ऐकायला हा बसने पुण्याला यायचा. गेली काही वर्षं तो त्याच चाळीस-पन्नास गाण्यांच्या लिस्टवर आहे. पैसा उत्तम, गाडी मोठी. पण हल्ली नवं काही ऐकवलं तर पंधरा सेकंदांत स्किप करतो. ‘बॉलिवूड वाजवून नाही झालं त्याचं असं,’ मित्र म्हणाला. ‘रोज दुसऱ्याने निवडलेलं वाजवलं की शोधायची सवय जाते. आपला धंदा शोधायचाच आहे ना?’

याचं दुसरं टोकही आहेच. २०२४ मध्ये मुंबईच्या क्रेटेक्सने श्रेयसबरोबर ‘तांबडी चामडी’ केलं. हाउसचा ठोका, वर अस्सल मराठी. आणि ते काढलं कोणी, तर ‘स्पिनिन’ या डच लेबलने! तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘बघ, असं कर’ म्हणून त्याला अकरा जणांनी लिंक पाठवली होती. त्यात मी होते. त्याने फक्त अंगठा टाकला. आता कळतंय, तो सल्लासुद्धा फर्माईशच होती. क्रेटेक्सने ते केलं कारण ते त्याला सुचलं. लिस्टमध्ये आलं होतं म्हणून नव्हे.

सोमवारी त्याने मॅनेजरला कळवलं. शुक्रवार-शनिवार करतो. बॉलिवूड वाजवतो, मराठी वाजवतो, ‘झिंगाट’ही वाजवतो. पण लिस्ट माझी आणि पहिला तास माझा. मॅनेजर म्हणाला, साहेबांना विचारतो.

बुधवारपर्यंत काहीच नाही. गुरुवारी मेसेज आला – दुसऱ्याला घेतलंय.

‘बरं झालं’ असं मी टाइप केलं आणि खोडलं. मिक्सरचे सात हप्ते बाकी आहेत, ते मी नाही भरणार आहे. लिस्टला नकार दिला ते बरोबर केलं, असंच मला वाटतं. पण माझ्यावर ते हप्ते असते तर मी दिला असता का, याचं उत्तर माझ्याकडे त्याच संध्याकाळी ईमेलने आलं. मॉड्युलर किचनवाल्यांना लेख आवडलाय, आता वॉर्डरोबवर बाराशे शब्द हवेत. मी हो म्हटलं. फक्त या वेळी खाली नाव छापू नका असं सांगितलं. त्यांना काहीच फरक पडत नव्हता. मला मात्र त्यासाठी दोनदा मेल लिहून खोडावा लागला.

मंगळवारची नाइट आता तो रविवारी दुपारी करून बघणार आहे, कोथरूडच्या एका कॅफेत. कॉफी, उजेड आणि डीप हाउस. या वेळी आम्हा मित्रांनाही तिकीट आहे. काल त्याचा मेसेज आला, ‘मामेबहिणीला पण आण. पण तिला आधीच सांगून ठेव, झिंगाट नाहीये.’

मी सांगितलं तिला. ती म्हणाली, ‘एकदा विचारून तर बघू.’