गिरणी असताना जातं कशाला?

परवा भाच्याचा फोन आला. वाशीमचा पोरगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शिकता शिकता त्याने जावास्क्रिप्टची एक छोटी लायब्ररी लिहिली होती. वीसेक फंक्शन्स असतील: शब्द उलटा करणं, मजकूर ठरावीक लांबीवर कापणं, आकड्यात स्वल्पविराम टाकणं वगैरे. मुलाखतीत समोरचे साहेब हसले म्हणे. "लोडॅश असताना हे लिहायची गरज काय?"

"मामा, बायोडेटातून काढून टाकलं मी ते," तो म्हणाला. मला रागच आला. साहेबांचा, आणि थोडा त्याचाही.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की गावात गिरणी असताना जात्यावर कशाला बसायचं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण गिरणीत काय चालतं हे ज्याला माहीतच नाही, त्याने गिरणी बंद पडल्यावर काय करायचं? मार्च २०१६ मध्ये हेच झालं. 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज. नावावरून वाद झाला, लेखकाने वैतागून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली, आणि जगभर हजारो प्रोजेक्ट अडकले. काम काय होतं त्याचं? अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या! या अकरा ओळी स्वतः लिहायची कोणाला गरज वाटली नव्हती.

आता उलट बाजूही मान्य करतो. शिकताना लिहिलेली लायब्ररी उगाच एनपीएमवर टाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. कंपनीच्या कामात तपासलेलं, तयार तेच वापरावं. पण शिकणं आणि विकणं यातला फरक मुलाखत घेणाऱ्याला कळू नये?

भाच्यावरचा राग वेगळ्या कारणासाठी. मी विचारलं, चाचणीला कोणते शब्द घेतलेस? म्हणे, 'हॅलो वर्ल्ड'. म्हटलं, बाबा रे, आपल्या गावाचं नाव उलटं करून बघ. त्याने केलं. उत्तर आलं: मीशाव.

फोनवर दोन मिनिटं शांतता.

गंमत कळली ना? आपण वाशीम म्हणतो तेव्हा अक्षरं तीन. जावास्क्रिप्टच्या लेखी पाच, कारण काना आणि वेलांटी ती वेगळी मोजते. उलटं करताना मात्रा सुटतात आणि भलत्याच अक्षराला चिकटतात. मंगरूळपीर सहा अक्षरांचं, ती नऊ मोजते. 'जिल्हा' चौथ्यावर कापला तर हातात 'जिल्' उरतो. साहेबांच्या लोडॅशला विचारा, तेही वाशीमची पाचच मोजतं!

आकड्यांचंही तेच. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. भाच्याचं फंक्शन तिला १,१९७,१६० करत होतं. आणि मराठी अंकांत '१२' लिहून त्याची संख्या करायला सांगितली, तर जावास्क्रिप्ट सांगते: हा आकडाच नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. स्वल्पविरामांची भारतीय पद्धत भाषेतच आहे. अक्षरं नीट तोडणारं 'सेगमेंटर'ही आलंय, फायरफॉक्समध्ये ते २०२४ मध्ये पोचलं. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला, २०२३ मध्ये. पण हे उपाय शोधायची गरज कोणाला वाटणार? ज्याने स्वतः लिहून पाहिलं आणि ज्याचं 'मीशाव' झालं, त्याला. तयार फंक्शन बोलावणाऱ्याला आपलं काही चुकतंय याचा पत्ताच लागत नाही. मग फॉर्ममध्ये नावं अर्धी कापली जातात, आणि आपण म्हणतो, कॉम्प्युटरला मराठी जमत नाही!

गिरणी गव्हासाठी लावलेली आहे, साहेब. आमची ज्वारी तिच्यात कशी दळली जाते, हे आम्हीच बघायला नको?

भाच्याला सांगितलंय, ती लायब्ररी बायोडेटात परत टाक. चाचणीला वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा ही सहाही तालुक्यांची नावं घे. आणि पुढच्या वेळी कोणी हसलं, तर त्यांना नम्रपणे म्हण, "सर, तुमच्या लायब्ररीत जरा वाशीमची अक्षरं मोजून दाखवता का?"