ग्रहणात भाजी चिरली का?
मूल वाकड्या पावलांचे किंवा फाटक्या ओठाचे जन्मले, की खान्देशात आजही पहिली चौकशी आईची होते: ग्रहणात भाजी चिरली होती का? ‘तुमचा काही दोष नाही’ हे डॉक्टर सांगतात, पण पटते ते दुसऱ्या आईने सांगितल्यावर. वाकडी पावले पोन्सेटी पद्धतीने सरळ होतात. दर आठवड्याला नवे प्लॅस्टर, बहुतेकांना टाचेमागे छोटासा छेद, मग पट्टीला जोडलेले बूट. खरी कसोटी या बुटांची. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत. मूल रडते, सासू (आणि नवराही) म्हणते, ‘झाले ना सरळ, काढ आता’. बूट सुटले की पाय पुन्हा वळू लागतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी-उपचार मोफत आहेत. शिरपूरकडच्या पाड्यावर मध्यरात्री धीर देणे मात्र त्यात बसत नाही. तिथे चोपड्याची एखादी अनुभवी आईच फोनवर हवी: ‘घाबरू नको माय, मना पोऱ्या बी असाच व्हता, आते पयस (आता पळतो).’ जळगाव-धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांनी प्लॅस्टरचा वार एकच ठेवावा आणि अशा आयांना एसटीचे भाडे देऊन त्या दिवशी बोलवावे. बायकांना ते आता अर्धेच पडते.