पोटगीचा बोजा सातबाऱ्यावर चढवून घ्या

तुमच्या गावातल्या कुठल्याही जमिनीचा सातबारा काढून बघा. त्यात ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा एक रकाना असतो, आपण त्याला इतर हक्क म्हणतो. विकास सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं विहिरीचं कर्ज, पाइपलाइनचं कर्ज तिथे लिहिलेलं सापडेल. ज्याचं येणं असतं तो तिथे आपला बोजा चढवून ठेवतो, म्हणजे पैसे फिटल्याशिवाय जमीन सहजासहजी विकता येत नाही. आता मला सांगा, त्या रकान्यात एखाद्या लेकराच्या पोटगीची रक्कम लिहिलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? तालुक्याच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली करून मी असे उतारे बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

कोर्टाचा हुकूम झालेला असतो. महिन्याला चार हजार, सहा हजार, जे ठरलं असेल ते. पहिले दोन-तीन महिने पैसे येतात, मग बंद होतात. बाई वाट बघते. नातेवाईक सांगतात, जरा दमानं घे. वर्ष जातं, दोन वर्षं जातात, मग ती वसुलीचा अर्ज टाकते. वॉरंट निघतं आणि माणूस पत्त्यावर सापडत नाही. तेवढ्यात त्याची दीड एकर भावाच्या नावावर झालेली असते. कागदांची पिशवी घेऊन ती माझ्यासमोर बसते तेव्हा तिच्या हातात हुकूम असतो, पण वसूल करायला मागे काही उरलेलं नसतं. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून आजच, हुकूम होण्याच्या आधीच, जमिनीचा आणि घराचा विचार करा.

अमेरिकेत हे काम कायदाच करतो. तिथे मुलाच्या खर्चाचा हप्ता थकला की थकलेली रक्कम त्या पालकाच्या घरावर, जमिनीवर बोजा होऊन बसते. प्रत्येक राज्याने असा कायदा ठेवलाच पाहिजे, अशी तिथल्या केंद्र सरकारची अट आहे. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली तर पासपोर्टही अडतो. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात संसार मोडून मुलांसह राहणाऱ्या आपल्या लेकीबाळींनाही हे लागू आहे. त्यांनी राज्याच्या चाइल्ड सपोर्ट खात्याकडे केस उघडावी, पुढची वसुली ते खातं करतं. आपल्याकडे बोजा आपोआप चढत नाही, तो मागावा लागतो. आणि बहुतेक अर्जांत तो मागितलेलाच नसतो.

मागायचा कुठे? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की कायमच्या पोटगीची रक्कम गरज पडल्यास समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करता येते. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३७ मध्येही तशीच तरतूद आहे. मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा आदेश हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मागता येतो. अर्ज लिहिताना वकिलाला म्हणा, ‘मागणीत बोजाही लिहा, गट नंबरासकट लिहा.’ गट नंबर नसलेला बोजा तलाठी कुठे चढवणार? शहरात फ्लॅट असेल तर मिळकत पत्रिकेचा नंबर आणि सोसायटीचं नाव घाला.

संमतीने घटस्फोट घेताना तर हे हमखास विसरलं जातं. दोघांनाही सुटायचं असतं, अटींच्या कागदावर ‘मुलाच्या नावे दरमहा अमुक रुपये’ एवढं लिहून सह्या होतात. त्याच कागदात एक वाक्य वाढवा: ही रक्कम अमुक मिळकतीवर बोजा राहील. मग हुकूमनाम्याची प्रत घेऊन दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्या. नवरा तोंडाने ‘देतो’ म्हणत असताना ही अट घालणं बायकांना जड जातं, अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तुम्हाला वाटलं तरी घाला. मूल पाच वर्षांचं असेल तर पुढची तेरा वर्षं त्या कागदावर चालायची आहेत, आणि तेरा वर्षांत माणसाचं दुसरं लग्न होतं, नोकरी जाते, गाव बदलतं.

जमीन विकण्याच्या हालचाली चालू असल्या तर निकालाची वाट बघत बसू नका. दाव्यात निकालाआधीच जप्ती मागता येते, त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३८ आहे. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली अर्ज केला असेल तर ज्या घरात तुम्ही राहत होतात ते विकू नये, त्यावर कर्ज काढू नये, असा मनाई हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. त्याच कायद्याखाली पगारातून परस्पर रक्कम कापून द्या, असा आदेश मालकालाही देता येतो.

आणि समजा त्याने आधीच भावाला बक्षीसपत्र करून दिलं, तरी हात टेकू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे मिळकतीच्या उत्पन्नातून पोटगीचा हक्क असेल आणि ती मिळकत फुकट दिली असेल, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. पैसे मोजून घेतली असेल तर घेणाऱ्याला पोटगीची माहिती होती का, हा प्रश्न येतो. म्हणून गावात खरेदीची कुणकुण लागली की घेणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. ‘मला ठाऊकच नव्हतं’ हे मग त्याला म्हणता येणार नाही.

ज्यांच्याकडे घटस्फोटाचा दावा नाही, फक्त दंडाधिकाऱ्याकडचा किंवा कुटुंब न्यायालयातला पोटगीचा हुकूम आहे, अशा बायका सर्वांत जास्त. पूर्वीचं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. हे कलम सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी आहे, आईबापाचं लग्न झालेलं नसलं तरीही आहे. यात एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. थकलेल्या हप्त्यासाठी वॉरंट हवं असेल तर तो हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रत्येक महिन्याचं वर्ष वेगळं मोजायचं. महिना सहा हजार धरा, तीस महिने काही आलं नाही, म्हणजे १,८०,००० रुपये झाले. आज पहिला अर्ज केला तर वॉरंटाच्या वाटेने शेवटच्या बारा महिन्यांचे ७२,००० मिळतील. उरलेले १,०८,००० बुडत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं आहे, पण त्यांच्यासाठी दिवाणी दरखास्तीची लांबची वाट धरावी लागते. त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी अर्ज टाकत जा.

अर्जात फक्त ‘अटक करा’ एवढंच लिहू नका. एका महिन्याच्या थकबाकीसाठी जास्तीत जास्त एक महिना कैद होते, आणि ती भोगल्याने देणं फिटत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ठरवलं. तुरुंगातून आलेला बाप रागावलेला असतो, लेकराच्या शाळेची फी तशीच राहते. थकबाकी दंडासारखी वसूल करायची असते आणि दंडवसुलीचं कलम, आताचं ४६१, दंडाधिकाऱ्याला जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवण्याचा अधिकार देतं. मग ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी जंगम आणि स्थावर दोन्ही मालमत्तेतून वसूल होते. हे वॉरंट कोणी स्वतःहून काढत नाही. मागा, सातबारा जोडा.

मालमत्ता शोधायची कशी, हे मला सगळ्या जणी विचारतात. २०२० च्या ४ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, खटला आपल्या नागपूरचा होता. २०१३ मध्ये आईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अर्ज केला होता, सात वर्षं झाली तरी थकबाकीचं भांडण मिटलं नव्हतं. त्या निकालामुळे आता पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, हेही त्यात आलं. समोरच्याने शपथपत्रात जमीन लपवली असेल तर सातबारा काढून कोर्टापुढे ठेवा. बँकेचा बोजा आधीच आहे म्हणूनही मागे सरू नका. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पोटगीच्या थकबाकीला बँका आणि इतर धनकोंच्या आधी जागा दिली.

ज्यांचे हप्ते थकले आहेत त्या बापांनाही मला सांगायचं आहे. पाऊस दगा देतो, कारखाना बंद पडतो, हे मला माहीत आहे. मिळकत खरंच घटली असेल तर कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागा, तो तुमचा हक्क आहे. पण जमीन भावाच्या नावावर करू नका. ती वडिलार्जित असेल तर तुमच्या मुलाचा, आणि २००५ पासून मुलीचाही, त्यात जन्मापासून हिस्सा आहे. आजोबांनो, असल्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला मुलगा बोलावेल तेव्हा नातवाचं तोंड आठवा आणि घरीच थांबा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबलेल्या बहिणींनो, बाई असणं एवढं एकच कारण मोफत वकील मिळायला पुरेसं आहे. उत्पन्नाची अट बायकांना आणि मुलांना नाही. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, १५१०० वर फोनही लागतो. जाताना हुकुमाची नक्कल, मुलाचा जन्मदाखला, किती हप्ते आले आणि किती थकले याचं वहीतलं टिपण, बँकेचं पासबुक आणि त्याच्या जमिनीचा उतारा न्या. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, तो काढायला मालकाची परवानगी लागत नाही.

बोज्याचा किंवा जप्तीचा हुकूम झाला की काम संपलं असं समजून घरी जाऊ नका. नक्कल घेऊन स्वतः तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. महिन्याभराने पुन्हा पंधरा रुपये भरा, उतारा काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. तुमचा हुकूम तिथे लिहिलेला नसेल, तर त्याच दिवशी पुन्हा तलाठी कार्यालय गाठा.