'टीव्ही गेम'च्या पिढीला न भेटलेला खेळ

जर्मनीच्या मॅथियस लिंडा यांचा 'चेन्ड एकोज' हा संगणकीय खेळ ८ डिसेंबर २०२२ रोजी बाजारात आला. संगीत वगळता तो जवळजवळ एकाच माणसाने सुमारे सात वर्षे खपून घडवला आहे. ठिपक्याठिपक्यांची चित्रे, पाळीपाळीने होणारी लढाई, पडद्याच्या तळाशी उमटत जाणारे संवाद, अशी नव्वदीच्या दशकातील जपानी 'रोल-प्लेइंग' खेळांची लक्षणे त्यात मुद्दाम जपलेली आहेत. पुढच्याच वर्षी कॅनडातील सॅबोटाज स्टुडिओच्या 'सी ऑफ स्टार्स'ने हीच वाट धरली. बड्या कंपनीच्या आश्रयाविना निघणाऱ्या अशा खेळांना 'इंडी' म्हणतात. त्यांत यंत्रसामग्रीपेक्षा नकाशा आखणारा आणि गोष्ट लिहिणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. मग जळगाव-धुळ्यासारख्या, गोष्टींची वाण नसलेल्या मुलखातून असा नावाजलेला खेळ अद्याप का आला नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्याचे एक उत्तर घराघरांतल्या जुन्या 'टीव्ही गेम'मध्ये आहे. निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल असलेली 'मीडिया'सारख्या नावांची स्वस्त यंत्रे नव्वदीत आणि त्यानंतरही देशातील लहानमोठ्या शहरांत पोचली. 'मारिओ' आणि 'काँट्रा' एका पिढीला तोंडपाठ झाले. शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटमध्ये तेच ते मोजके खेळ फिरून फिरून येत, हा भाग वेगळा. रोल-प्लेइंग खेळ मात्र दिवसेंदिवस चालतो. कालचा मुक्काम त्याला लक्षात ठेवावा लागतो. युजी होरी यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने १९८६ मध्ये त्यासाठी वीस जपानी अक्षरांचा परवलीचा मंत्र योजला होता. खेळाडूने तो वहीत उतरवून घ्यायचा. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच बॅटरी आली. नकली कॅसेटमध्ये ती सहसा नसे, आणि जपानी मजकूर वाचणार कोण? भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली तर 'काँट्रा' पुन्हा पहिल्यापासून खेळता येई. चाळीस तासांच्या कथेचे तसे करता येत नाही.

त्यामुळे पाश्चात्त्य निर्मात्यांना जी आठवण हळवे करते, ती खानदेशाची स्वतःची आठवण नाही. तथापि ही उणीव फार मोठी मानण्याचे कारण नाही. खुद्द होरी यांनीही आपला साचा 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या अमेरिकी खेळांवरूनच बेतला होता.

अधिक अवघड प्रश्न अक्षरांचा आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा सारा पसारा ६४ किलोबाइटमध्ये मावला. जागा वाचावी म्हणून त्यात काताकाना लिपीची वीसच अक्षरे ठेवली होती. जपानी काना असो वा रोमन, एक चिन्ह एका घरात बसते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाआधी आणि उच्चारली जाते नंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'स्त्री' हा एवढासा शब्द संगणकाच्या लेखी सहा चिन्हांचा असतो. संवाद एकेका चिन्हाने उमटवणाऱ्या साच्यात तो मोडून पडतो. हौशी निर्मात्यांच्या आवडत्या 'आरपीजी मेकर'ची २०१५ मधील 'एमव्ही' आवृत्ती हेच करते, आणि 'युनिटी'च्या नेहमीच्या अक्षरसाधनातही जोडाक्षरे बरीच वर्षे नीट जुळत नसत. मार्च २०२३ मध्ये आलेल्या 'गोडो'च्या चौथ्या आवृत्तीने भारतीय लिप्यांची योग्य जुळणी अंगभूत करून घेतली. ही प्रणाली विनामूल्य आहे. एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला इंग्रजीचा आधार न घेता संवाद लिहिणे त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे.

पैशाचे मात्र तसे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ जपानी धाटणीचा नसून हाणामारीच्या अंगाने जाणारा आहे, परंतु त्याचा अनुभव बोलका आहे. लोकवर्गणीची मोहीम फसल्यानंतर संस्थापकांपैकी एकाने सदनिका विकून काम चालू ठेवले. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी २०५० पर्यंतचे ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. अशा धोरणांचा ओढा स्वाभाविकपणे मोठ्या संकुलांकडे असतो; दोन वर्षे घरी बसून एक खेळ पुरा करू पाहणाऱ्या जळगावच्या पदवीधराला संकुलाचा उपयोग थोडाच. शिवाय गिऱ्हाईक कुठे आहे? हे खेळ प्रामुख्याने संगणकावर आणि गेमिंग यंत्रांवर विकत घेऊन खेळले जातात, तर आपल्याकडचा खेळाडू मोबाइलवर आणि बहुधा फुकट खेळतो.

तरीही खानदेशाला हा मार्ग अपरिचित म्हणता येणार नाही. खानदेशाच्या सीमेवरील मालेगावात हौशी मंडळींनी घरगुती कॅमेऱ्यावर २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा त्यांच्यामागे कोणताही स्टुडिओ नव्हता. पुढे अहिराणी गाण्यांना आणि खानदेशी विनोदी चित्रफितींना यूट्यूबवर मोठा प्रेक्षक मिळाला तोही मुंबईला वळसा घालूनच. खेळांच्या बाबतीत 'स्टीम' या विक्रीमंचाचे दार एका खेळामागे शंभर डॉलर भरले की उघडते.

आणि सामग्री तर अंगणात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. रोल-प्लेइंग खेळाचा नकाशा काढणाऱ्याला यात फारशी भर घालावी लागणार नाही. थाळनेरला फारुकी सुलतानांची थडगी आहेत, धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला आहे, श्रावणात कानबाईचा उत्सव आहे, आणि संदर्भ हवे असतील तर धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया' होतो. गावच्या पाराजवळ उभ्या असलेल्या पात्राने याच बोलीत वाट सांगितली तर तिला नवी लिपीही लागणार नाही. आरंभी चाळीस तासांचा पल्ला गाठायचीही गरज नाही. कॅनडातील कॅन गाओ यांनी २०११ मध्ये 'आरपीजी मेकर'वर केलेला 'टू द मून' जगभर वाखाणला गेला. तो चार-पाच तासांत संपतो.