चाचा कोण, हे कोणी ठरवायचं?

परवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो होतो. सोबत दहा वर्षांचा भाचा. पाण्याकडे बघत म्हणतो, "मामा, आंग्रे म्हणजे पायरेट ना? पिक्चरमध्ये होता!" पिक्चर म्हणजे २००७ चा 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'. त्यात चाच्यांच्या सभेला एक 'श्री संभाजी' येतो. कान्होजींच्या मुलाचंच नाव. पोराला काय बोलणार? पण डोकं सणकलं, म्हणून हे लिहितोय.

मंडळी, एक सांगा. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रात इतरांच्या जहाजांना 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायला लावायचे. परवाना नाही? जहाज जप्त. तो म्हणे कायदा! पुढे कान्होजींनी तेच केलं, आपलं दस्तक नसलेली जहाजं धरली, तर ती चाचेगिरी! बरं, हा माणूस कोणी भटका दरोडेखोर नव्हता. शाहू महाराजांचा सरखेल होता. आणि समोरची मुंबई इंग्रजांकडे आली कशी? १६६१ च्या करारात, पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाचं आंदण म्हणून. आंदणात आलेले ते मालक आणि इथला माणूस चोर!

गंमत पुढेच आहे. १७१३ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी याच 'चाच्या'शी तह केला. चोराशी कोणी तह करतं का हो? तह फार टिकला नाही. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले, हात हलवत परतले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. तिथेही तेच. वर पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी परस्पर तह केला. म्हणजे परराष्ट्रनीती दोन्हीकडून चालू होती. फक्त आपल्या बाजूचीच 'चाचेगिरी' म्हणून नोंदली गेली. जिंकता येत नाही त्याला चाचा म्हणायचं, म्हणजे हरल्याची लाज वाटत नाही आणि उद्या तह मोडायलाही मोकळे.

कान्होजी संत होते असं मी म्हणत नाही. त्यांनी जहाजं लुटली, माणसं धरून खंडणीही घेतली. पण मग तोच तराजू सगळ्यांना लावा की!

आणि एक कडू गोष्ट आपणही गिळायला हवी. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि पुढे मुलं आपसात भांडली. तुळाजी पेशव्यांना जुमानेना, ही पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. पण घरचं भांडण मिटवायला नानासाहेबांनी बोलावलं कोणाला, तर इंग्रजांना! १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या आगीत आपलाही हात होता. पिक्चरवाल्यांवर चिडताना हे विसरू नये.

असो. २०२५ मध्ये खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. जगाने किल्ला मान्य केला, आता आपण निदान शब्द तरी बदलूया. पोरांना पिक्चर खुशाल दाखवा, मजेचा आहे. पण नंतर एकदा लाँचने रेवसला आणा, आणि वाटेत विचारा: या पाण्यात परवाना मागायचा हक्क कोणाचा होता?